रोबो मांडायचे तर आधी भिंत बघा

घरात खेळण्यातल्या रोबोंचा संग्रह मांडायचा म्हटलं की आपण आधी सुताराला बोलावतो. काच किती, फळ्या किती, दिवे कुठे हे सगळं ठरतं आणि कपाट जिथे मावेल तिथे उभं राहतं. बेळगाव भागात हा क्रम उलटा करावा, असं माझं ठाम मत आहे. आधी भिंत निवडावी, मग तिला शोभेल अशी मांडणी. इथला पाऊस जून ते सप्टेंबर नैर्ऋत्येकडून, वाऱ्याबरोबर तिरपा येतो आणि घराची पश्चिमेची भिंत चार महिने ओल धरून बसते. तिला पाठ लावलेल्या कपाटात मागची फळी सगळ्यात थंड असते. थंड फळीला टेकलेली हवा थंड होते आणि तिची आर्द्रता चढते. खोलीत २४ अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता असेल, तर फळी फक्त दोन अंशांनी थंड असली तरी तिच्याजवळची आर्द्रता ९० टक्क्यांवर जाते. बुरशीला आणखी काही लागत नाही.

म्हणून कपाट घराच्या मधल्या भिंतीला लावावं. दुसरा पर्यायच नसेल तर भिंत आणि कपाट यांच्यात चार बोटं जागा सोडावी, म्हणजे मागून हवा खेळती राहते. ही गरज सगळ्यांना सारखी नाही, हेही ध्यानात घ्यायला हवं. मलप्रभेचा उगम असलेल्या, खानापूर तालुक्यातल्या कणकुंबीकडे पाऊस हजारो मिलिमीटरमध्ये मोजतात. त्याच जिल्ह्यात अथणीकडे गेलं की आभाळ कोरडं आणि धूळ जास्त. खानापूरच्या घरात उघडी फळी चालेल, पण ओल सांभाळावी लागेल. अथणीत काचेचं दार हवंच, कारण तिथला शत्रू धूळ आणि ऊन.

पत्र्याच्या रोबोला ओल सगळ्यात आधी बाधते. युद्धानंतरच्या जपानमध्ये असे चावीचे रोबो मोठ्या संख्येने बनले आणि आज संग्राहक त्यांच्यासाठी जीव टाकतात. त्यांचा पत्रा म्हणजे पोलादाच्या पातळ पानावर कथलाचा मुलामा आणि वर छापलेलं रंगीत चित्र. आपल्या घरावरच्या जस्ताच्या पत्र्यावर ओरखडा उठला तर जस्त आधी झिजतं आणि लोखंडाला वाचवतं. कथलाचं उलट आहे. मुलामा जिथे फाटतो तिथे आधी लोखंडच झिजतं, आणि मुलामा नसता त्याहूनही जोराने. असा रोबो हातात घेऊन भिंगातून बघा. सपाट छाती चकचकीत असते. पण छातीचा पत्रा पाठीला जोडण्यासाठी ज्या छोट्या जिभा खाचेतून काढून दुमडलेल्या असतात, त्या दुमडीच्या धारेवर तपकिरी रेघ दिसते. वाकवताना मुलामा तिथेच तडकलेला असतो. हवेतली आर्द्रता साधारण ६० ते ६५ टक्क्यांच्या वर गेली की गंज वेगाने धावतो, आणि आपल्याकडे जुलैत ती त्याच्या कितीतरी वर असते. घामाच्या मिठाने हेच काम आणखी कमी आर्द्रतेत सुरू होतं. पत्र्याचा रोबो उचलताना हातात सुती मोजे घालायचे ते यासाठी.

आता बंद कपाटाचं गणित. नव्वद सेंटिमीटर उंच, साठ रुंद आणि तीस खोल अशा काचेच्या कपाटात पावसाळ्यात हवेतलं पाणी जेमतेम तीन ग्रॅम असतं. आर्द्रता ८५ वरून ५० टक्क्यांवर आणायला त्यातलं सव्वा-दीड ग्रॅम काढलं की झालं. सिलिका जेलची, म्हणजे ओल शोषणाऱ्या दाण्यांची, एक छोटी पुडी ते सहज करते. मग पुड्या टाकूनही कपाट दमट का राहतं? पाणी हवेत नसून लाकडात आहे, म्हणून. दहा किलो प्लायवूडमध्ये पावसाळ्यात किलोभराहून जास्त पाणी मुरलेलं असतं आणि हवा कोरडी झाली की लाकूड ते सोडत राहतं. शिवाय दाराच्या फटीतून बाहेरची हवा येतच असते. त्यामुळे जेल ग्रॅममध्ये नव्हे, पावकिलो-अर्धा किलोत टाकावं, फटींना रबरी पट्टी लावावी, आणि कपाट मे महिन्यात, सगळं लाकूड वाळलेलं असताना बंद करावं. पावसात बंद केलेलं कपाट ओल आतच कोंडतं. जेलचे नारिंगी दाणे हिरवट झाले की ते थकले असं समजायचं; ओव्हनमध्ये साधारण १२० अंशांवर वाळवले की पुन्हा कामाला येतात.

कपड्यांच्या कपाटात विजेचा दिवा लावून ठेवायची जुनी रीतही शास्त्राला धरून आहे. बावीस अंशांची ८५ टक्के दमट हवा २७ अंशांपर्यंत तापवली की तिची आर्द्रता ६३ टक्क्यांवर उतरते, एक थेंबही पाणी न काढता. पत्र्याच्या रोबोंना ही ऊब मानवते. प्लास्टिकच्या रोबोंसाठी मात्र मी ती सुचवणार नाही, कारण उष्णतेने प्लास्टिकचं म्हातारपण लवकर येतं.

प्लास्टिकचे खरे वैरी दोन: ऊन आणि शेजारी. बऱ्याच रोबोंचं अंग एबीएस नावाच्या कडक प्लास्टिकचं असतं. त्यातल्या रबरासारख्या भागावर अतिनील किरण पडले की तो ऑक्सिजनशी जुळतो आणि पांढरा रोबो पिवळा पडतो. खिडकीच्या साध्या काचेने ऊन सुरक्षित झालं असं समजू नका; ती काही अतिनील किरण अडवते, बरेचसे आत सोडते. नाजूक वस्तूंसाठी संग्रहालयं ५० लक्स (लक्स हे प्रकाश मोजायचं एकक) प्रकाश पुरेसा मानतात. भर दुपारचं थेट ऊन एक लाख लक्सचं. म्हणजे एका तासाच्या उन्हात जितका प्रकाश पडतो, तितका त्या मंद दिव्याखाली २,००० तासांत पडेल. प्रकाशाची इजा साठत जाते, रात्री ती भरून निघत नाही. एलईडीच्या पट्टीत अतिनील किरण जवळजवळ नसतात, त्यामुळे ती बिनधास्त लावा. मात्र पट्टी समोरच्या चौकटीच्या आत, वरून सुमारे ४५ अंशांत खाली झुकलेली असावी. मग काचेवर चकाकी येत नाही आणि रोबोच्या छातीवरची चाकं-बटणं सावलीने उठून दिसतात. पट्टीला वीज पुरवणारा ड्रायव्हर तापतो, तो कपाटाबाहेर.

शेजाऱ्याची गोष्ट कमी लोकांना ठाऊक असते. मऊ पीव्हीसी प्लास्टिक मऊ राहावं म्हणून त्यात प्लास्टिसायझर घालतात. ते वर्षानुवर्षं बाहेर झिरपतं, खेळणं चिकट होतं, आणि त्याला टेकलेलं कडक प्लास्टिक मऊ पडून डाग धरतं. मऊ चाकं किंवा मऊ हात असलेला रोबो दुसऱ्याच्या अंगावर रेलून ठेवू नका. मध्ये काचेचा तुकडा ठेवा. ट्रान्सफॉर्मर्स, म्हणजे गाडीचा रोबो होणारी खेळणी, १९८४ साली आले. त्यांच्या जुन्या खेळण्यांपैकी सोनेरी भुकटी मिसळलेल्या प्लास्टिकचे काही रोबो इतके ठिसूळ होतात की हात फिरवला तरी सांधा तुटतो. त्यांची उभं राहण्याची ऐट एकदा ठरवावी आणि पुन्हा हलवू नये. बॅटरीवर चालणाऱ्या रोबोंतले सेल आजच काढा. अल्कलाइन सेल फुटला की पोटॅशियम हायड्रॉक्साइड पाझरतं आणि सेलला टेकणाऱ्या धातूच्या पट्ट्या खाऊन टाकतं.

मांडणीची कल्पकता या सगळ्यानंतर, आणि तिच्यासाठी बेळगावात साहित्याची वाण नाही. शहापूर, वडगावच्या जुन्या घरांतले कोनाडे मला सगळ्यात आवडतात. जाड भिंत हळू तापते, हळू निवते, त्यामुळे कोनाड्यातली हवा दिवसभरात फार हेलकावत नाही. जमिनीतली ओल बारीक छिद्रांतून केशाकर्षणाने चढते, पण सहसा मीटरभरच, तेव्हा छातीच्या उंचीवरचा मधल्या भिंतीतला कोनाडा निवडा. चुन्याचा हात द्या; ताजा चुना तीव्र अल्कधर्मी असतो, त्यावर बुरशी धरत नाही. चुना पूर्ण वाळल्यावर तळाला काच टाका आणि एका कोनाड्यात एकच रोबो उभा करा.

उद्यमबाग या बेळगावच्या औद्योगिक भागातल्या फौंड्र्यांमध्ये ओतकामासाठी लाकडी पॅटर्न (साचा घडवायचा नमुना) आणि कोअर बॉक्स (वाळूचा गाभा घडवायची कोरीव पेटी) लागतात. जुना, बाद झालेला कोअर बॉक्स मिळाला तर तो घासून, वाळवून भिंतीवर उभा लावा. त्याच्या कोरलेल्या पोकळीत रोबो असा बसतो, जणू तिथेच ओतला गेलाय. जुन्या छापखान्यातली, अक्षरांचे खिळे ठेवायची खणांची केसही बोटभर रोबोंसाठी देखणी, पण तिथे खबरदारी हवी. खिळ्यांचा धातू मुख्यतः शिशाचा असतो आणि खणांच्या कोपऱ्यांत शिशाची धूळ उरते. झाडू मारू नका, ती उडते. ओल्या फडक्याने पुसा, फडकं फेका, मग वॉर्निशचे दोन हात द्या. घरात लहान मूल असेल तर हा नाद सोडाच.

फळ्यांबाबत एकच सांगतो. दर फुटाला सारखं वजन पसरलेल्या फळीची लांबी दुप्पट केली की तिचा वाक सोळापट होतो. जाडी १२ वरून १८ मिलिमीटर केली की वाक एक-तृतीयांशाहूनही कमी उरतो. जस्ताच्या मिश्रधातूचे वजनदार रोबो म्हणूनच खालच्या, आखूड फळीवर. उभं करताना एक पाय पुढे टाका. गुरुत्वमध्य आठ सेंटिमीटरवर आणि पावलं पुढून मागे चार सेंटिमीटर असतील, तर रोबो फक्त १४ अंश कलला की पडतो; पाय पुढे-मागे केले की हा कोन दुपटीपर्यंत जातो.

आणि दिवाळीचा किल्ला. इथली पोरं मातीचा किल्ला रचतात, चित्रं म्हणजे छोट्या मूर्ती मांडतात. त्यात रोबो का नकोत? मोठे पायथ्याशी, मधले बुरुजांवर, सगळ्यात छोटे माथ्यावर ठेवले की डोळा फसतो आणि तीन फुटांचा किल्ला डोंगराएवढा दूर भासतो. आकार जसा घटतो तसं अंतर वाढलं, असं मेंदू समजतो. किल्ल्याची माती ओली असते, त्यामुळे तिथे फक्त प्लास्टिकचे, सेल काढलेले रोबो पाठवा, आणि प्रत्येकाच्या पावलाखाली कौलाची खापरी ठेवा. मुलांना ते हाताळू द्यावेत. पत्र्याचे मात्र घरातच राहू देत. पाऊस गेलेला असतो, म्हणून त्याच आठवड्यात त्यांचं कपाट उघडून जेलचे दाणे ओव्हनमध्ये घाला.