भोकाशी येऊन बिघडणारी जोडी

तासगावकडच्या बेदाण्याची प्रतवारी करणाऱ्या मशीनसाठी आम्ही कुपवाडच्या एमआयडीसीत एक कॅमेरा बोर्ड केला होता. मशीन परदेशी जाणार म्हणून सीई मार्क, म्हणजे युरोपात विकण्यासाठी लागणारी खूण, हवी होती. पुण्यातल्या लॅबमध्ये बोर्ड रेडिएशनच्या, म्हणजे बाहेर किती रेडिओ लहरी फेकतो याच्या, चाचणीत अडकला. यूएसबी ३ ची केबल काढली की सगळं शांत, लावली की काही गिगाहर्ट्झवर रेषा मर्यादेच्या वर. केबल बदलली, तिच्यावर गोंगाट दाबणारं फेराइटचं कडं घातलं, फारसा फरक नाही. शेवटी भिंगाखाली बोर्ड धरला तेव्हा दोष दिसला. डिफरन्शियल जोडीचे, म्हणजे एकच सिग्नल उलटसुलट नेणाऱ्या दोन तांब्याच्या रेघांचे (ट्रेस), वरच्या लेअरवरून खालच्या लेअरवर उतरणं व्हायांतून, म्हणजे तांब्याने मढवलेल्या भोकांतून, होत होतं. त्या दोन व्हायांपैकी एकीच्या शेजारी ग्राउंडची व्हाया होती, दुसरीच्या बाजूला काहीच नव्हतं.

एवढ्याशा गोष्टीने मशीन का अडावं, हे समजायला दीडशे वर्षं मागे जावं लागतं.

सुरुवातीचे टेलिफोन एकाच तारेवर चालत आणि परतीचा करंट जमिनीतून जाई. तार कमी लागे, पण शेजारच्या तारायंत्राची टकटक, आणि पुढे विजेवरच्या ट्राम आल्यावर त्यांची घरघर, सगळं कानात येई. अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी १८८१ मध्ये दोन तारा एकमेकींभोवती पिळून वापरण्याचं पेटंट घेतलं. बाहेरचा गोंगाट दोन्ही तारांवर सारखाच बसतो आणि ऐकणारं यंत्र फक्त दोघींतला फरक ऐकतं. खांबांवरच्या उघड्या तारांना पीळ देता येत नसे, म्हणून ठरावीक अंतरावर त्यांची अदलाबदल करत. लहानपणी मिरज–सांगली रेल्वेच्या कडेच्या खांबांवर तारा अशा जागा बदलताना मी पाहिल्या आहेत. त्यामागचं कारण खूप उशिरा कळलं.

दोन्ही तारांवर जे सारखं असतं, ते कॉमन मोड. उलटसुलट असतं, ते डिफरन्शियल. दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या असतील तोवर हे दोन प्रवाह एकमेकांत मिसळत नाहीत. या विषयातला सगळा त्रास सारखेपणा मोडण्याचा आहे, कारण डिफरन्शियलच्या लहरी एकमेकींना मारतात, पण कॉमन मोड केबलवर गेला की केबल अँटेनासारखी वागते.

भोकाचा इतिहास मात्र वेगळ्याच वाटेने आला. पॉल आइस्लर यांनी १९३६ च्या सुमारास लंडनमध्ये छापील सर्किटची कल्पना पुढे आणली. तांबं एका बाजूला असेपर्यंत प्रश्न नव्हता. दोन्ही बाजूंना आल्यावर त्यांना जोडायचं कसं? आम्ही कॉलेजात फेरिक क्लोराइडच्या ट्रेमध्ये बोर्ड कोरायचो तेव्हा भोकात तारेचा तुकडा घालून दोन्हीकडून सोल्डर करायचो. सुरुवातीला उद्योगातही तार किंवा पोकळ रिव्हेटच वापरत. भोकाच्या आतल्या भिंतीवर तांब्याचा मुलामा चढवण्याची पद्धत रुळली आणि १९६० च्या दशकात अनेक लेअरचे बोर्ड शक्य झाले. तेव्हा व्हायाकडून अपेक्षा एकच होती : इकडचा करंट तिकडे पोचला पाहिजे. आपण ‘कोल्हापूर व्हाया जयसिंगपूर’ म्हणतो, तोच शब्द, तोच अर्थ.

पुढची तीसेक वर्षं हे पुरलं, कारण जलद सिग्नल बोर्डवर फार नव्हते. आरएस-४२२ किंवा १९८३ चं आरएस-४८५ या यंत्रं जोडण्याच्या मानकांच्या जोड्या केबलमध्ये धावत, बोर्डवर त्यांचा प्रवास थोडा आणि सावकाश. नव्वदच्या दशकात एलव्हीडीएस ही कमी व्होल्टेजची जलद डिफरन्शियल पद्धत आली आणि जोडी बोर्डवरच राहायला आली. २००० साली यूएसबी २ चा वेग सेकंदाला ४८० मेगाबिट झाला, २००८ साली यूएसबी ३ चा ५ गिगाबिट. इथे आकडे बोलतात. नेहमीच्या एफआर-४ (काचेच्या विणीवर इपॉक्सी) बोर्डमध्ये सिग्नलला १ मिलिमीटर जायला ६ ते ७ पिकोसेकंद लागतात. ४८० मेगाबिटला एक बिट सुमारे २०८० पिकोसेकंदांचा, त्यात ७ कुठे हरवतात कळत नाही. ५ गिगाबिटला बिट २०० पिकोसेकंदांचा. म्हणजे एक ट्रेस व्हायापाशी दोन मिलिमीटर आधी पोचला, तर तेवढ्या वेळापुरती जोडी बिघडते आणि डिफरन्शियलचा एक हिस्सा कॉमन मोड होतो.

लांबीचा फरक डोळ्यांना तरी दिसतो. परतीच्या करंटचं तसं नाही. ट्रेस वरून खाली उतरला की त्याच्या कॉमन मोडचा परतीचा करंटही एका ग्राउंड प्लेनवरून, म्हणजे ग्राउंडच्या सलग तांब्याच्या थरावरून, दुसऱ्यावर जायला हवा. जवळ ग्राउंड व्हाया नसेल तर तो दोन प्लेनच्या मधल्या पोकळीत लाटेसारखा पसरतो आणि बोर्डच्या कडांपर्यंत पोचतो. इथे एक भेद लक्षात ठेवावा, यात आमच्याकडचे जुने लोकही गफलत करतात. पूर्ण सारख्या दोन व्हाया स्वतःहून कॉमन मोड तयार करत नाहीत. चिपमधून किंवा बोर्डच्या काचेच्या विणीतून आधीच आलेल्या कॉमन मोडला त्या फक्त वाईट रस्ता देतात. शेजार असमान असला, तर मात्र नवा कॉमन मोड तिथेच जन्मतो. आमच्या बोर्डचं दुखणं हे दुसरं होतं.

हे मोजायची भाषाही उशिरा आली. डिफरन्शियलमधून कॉमन मोडमध्ये किती गेलं, हे एका आकड्यात सांगणारे मिक्स्ड-मोड एस-पॅरामीटर बॉकेलमन आणि आयझेनस्टॅट यांनी १९९५ मध्ये मांडले. त्याआधी अमेरिकेत १९७९ मध्ये डिजिटल उपकरणांच्या रेडिएशनवर मर्यादा आल्या होत्या आणि युरोपात १९९६ पासून इएमसीचे, म्हणजे उपकरणांनी एकमेकांना विद्युतचुंबकीय त्रास न देण्याचे, नियम बंधनकारक झाले. मर्यादा किती कडक? ५० मेगाहर्ट्झला एक मीटर केबलवर कॉमन मोडचे फक्त ५ मायक्रोअँपिअर असले, तरी घरगुती उपकरणांची अमेरिकेतली मर्यादा गाठली जाते. जोडीत मिलिअँपिअर वाहत असतात. त्यातला हजारातला एखादा भागही निसटू देता येत नाही.

आम्ही पुढच्या बोर्डात दोन व्हाया एका रेषेत घेतल्या, दोघींच्या बाहेरच्या अंगाला समान अंतरावर एकेक ग्राउंड व्हाया दिली आणि प्लेनमध्ये दोघींभोवती मिळून एकच लांबट मोकळी जागा ठेवली. रेषा मर्यादेखाली आली. कनेक्टरपाशी मात्र एक ट्रेस अजून दुसऱ्याच्या आधी वळतो, कारण सोल्डर करायच्या पॅडची रचना तशी आहे. तो फरक आम्ही वळणाला लागूनच छोटा बाक देऊन भरून काढतो, म्हणजे जोडी व्हायापर्यंत पोचेस्तोवर पुन्हा बरोबरीत येते.