करबुड्याच्या बोगद्यातला चेहरा

उक्षी मागे पडलं की गाडी करबुड्याच्या बोगद्यात शिरते. साडेसहा किलोमीटरचा हा बोगदा, कोकण रेल्वेवरचा सर्वांत लांब. आतापर्यंत एसी डब्याच्या खिडकीत हिरवे डोंगर होते, आता एकदम मीच. काच तीच, फक्त बाहेरचा उजेड गेला. काचेवर समोरून पडलेल्या प्रकाशातला सुमारे ४ टक्के प्रत्येक पृष्ठभागावरून माघारी येतो. तो दिवसाही येतच असतो, पण उन्हापुढे त्याचं काही चालत नाही. डब्याची काच दुहेरी, म्हणजे पृष्ठभाग चार. म्हणून चष्म्याला जुळा भाऊ दिसतो.

खरी मजा दिवेलागणीला. बाहेर माड, आत मी, दोघंही अर्धेमुर्धे. हे जलरंगात उतरवायला गेलो आणि पहिल्या तीन कागदांचा चिखल केला. आधी माड रंगवले, वर फिकट चेहरा चढवला. चूक तिथेच होती. प्रतिबिंब म्हणजे प्रकाशाची बेरीज, रंगाचा थर म्हणजे वजाबाकी. पांढऱ्या शर्टाचं प्रतिबिंब पडतं तिथे माड पुसट होतो. काळे केस मात्र जवळजवळ काहीच परत पाठवत नाहीत, म्हणून माड सर्वांत ठसठशीत दिसतो तो माझ्या डोक्यात! तेव्हा केसांच्या जागी झावळ्या गडद करायच्या आणि शर्टाच्या जागी कागद जवळपास कोराच सोडायचा.

एवढं जमलं, तरी चेहरा भलताच मोठा येत होता. न्हाणीघरातल्या आरशावर साबणाच्या वडीने, एक डोळा मिटून, डोक्याची कड गिरवून पाहा. ती डोक्याच्या निम्मीच भरते. मागे सरकलात तरी निम्मीच. प्रतिबिंब काचेपलीकडे तितक्याच अंतरावर असतं, काच बरोबर मध्ये, म्हणून निम्मं. मेंदू अंतराचा हिशेब आधीच करून टाकतो आणि आपल्याला पुरं डोकं दाखवतो. मला सांगून पटलं नसतं, साबणाने पटलं.

डोळ्यांचं कोडं याहून अवघड. आरशात आधी डाव्या डोळ्याकडे बघा, मग उजव्या. बुबुळं हलताना दिसणार नाहीत, कारण नजर उडी मारते तेवढा वेळ मेंदू दिसणं दाबून धरतो. शेजारी उभ्या माणसाला ती हालचाल स्वच्छ दिसते.

चित्र पुरं झाल्यावर बहिणीला दाखवलं. म्हणाली, "माड छान आलेत. पण तू असा टक लावून कधी बघतोस रे?"