लाइटफूट, जोसेफ बार्बर

(१३ एप्रिल १८२८–२१ डिसेंबर १८८९). इंग्रज अँग्लिकन धर्मशास्त्रज्ञ व नव्या कराराचे भाष्यकार. जन्म लिव्हरपूल येथे. शिक्षण बर्मिंगहॅम व केंब्रिज येथे. केंब्रिजला १८६१ पासून प्राध्यापक, १८७९ पासून अखेरपर्यंत डरॅमचे बिशप. गलतीकरांस (१८६५), फिलिप्पैकरांस (१८६८) आणि कलस्सैकरांस (१८७५) या पौलाच्या पत्रांवर त्यांची भाष्ये आहेत. बिशपपद वडीलमंडळातूनच (स्थानिक चर्चच्या ज्येष्ठ धर्माधिकाऱ्यांच्या मंडळातून) क्रमाने वर आले, हे फिलिप्पैकर भाष्याला जोडलेल्या त्यांच्या प्रबंधातील मत पुढे वादाचा विषय झाले.

त्यांचे सर्वांत टिकाऊ काम अँटिऑकचे बिशप इग्नेशियस यांच्या पत्रांवरचे. ही पत्रे तीन रूपांत मिळतात : दीर्घ (१३ पत्रे), मध्यम (७) व लघु (३). दीर्घ रूप प्रक्षिप्त, बहुधा चौथ्या शतकातले. मध्यम रूपाचे लॅटिन भाषांतर जेम्स अशर यांनी १६४४ मध्ये उजेडात आणले. ग्रीक पाठ इझाक व्होसियस यांनी १६४६ मध्ये छापला, मात्र रोमकरांस पत्र त्या हस्तलिखितात नव्हते. विल्यम क्युरटन यांनी १८४५ मध्ये सिरियाक (सिरियातील ख्रिस्ती लोकांची प्राचीन भाषा) लघु रूप प्रसिद्ध करून तेच मूळ असल्याचे प्रतिपादले आणि आरंभी लाइटफूटही तिकडेच झुकले होते. निर्णायक ठरले ते आर्मेनियन भाषांतर. ते सिरियाकवरून झालेले असून त्यात सातही पत्रे आहेत, आणि समान भागांत त्याचे शब्द लघु सिरियाकशी जुळतात. तेव्हा पूर्ण सिरियाक भाषांतर आधीचे आणि लघु रूप हा त्यातला संक्षेप, असे मानणे भाग पडते. जर्मन अभ्यासक थिओडोर त्सान (१८७३) यांचा निष्कर्षही मध्यम रूपाच्याच बाजूचा होता. लाइटफूट यांच्या १८८५ च्या आवृत्तीने तो पक्का केला. पत्रांचा काळ त्यांनी इ. स. ११० च्या सुमारास, काही वर्षे मागेपुढे, धरला. विसाव्या शतकात सातही पत्रे बनावट ठरवण्याचे प्रयत्न झाले. ते फारसे पटण्याजोगे नाहीत.

शुभवर्तमानांच्या (नव्या करारातील येशूच्या चरित्रांच्या) प्राचीनतेवर हल्ला करणारा ‘सुपरनॅचरल रिलिजन’ हा निनावी ग्रंथ १८७४ मध्ये निघाला. लेखक वॉल्टर कॅसल्स हे पूर्वी मुंबईत व्यापारी होते. मुंबई इलाख्यातील कापूस-लागवडीवरही त्यांचे पुस्तक आहे. एखाद्या प्राचीन लेखकाने शुभवर्तमान वापरल्याचे चौथ्या शतकातील चर्च-इतिहासकार युसीबियस सांगत नाही, म्हणून त्या लेखकाला ते ठाऊक नव्हते, असा कॅसल्स यांचा युक्तिवाद. लाइटफूट यांनी उत्तर दिले की, युसीबियस वापराची नोंद वादग्रस्त ग्रंथांपुरतीच ठेवतो. निर्विवाद शुभवर्तमानांबाबत तो फक्त एखादी विशेष हकिकत देतो.

नव्या कराराच्या इंग्रजी भाषांतराच्या सुधारणा-समितीवर ते १८७० पासून होते. त्यांच्या कारकिर्दीत, १८८२ मध्ये, डरॅममधून न्यूकॅसलचा धर्मप्रांत वेगळा झाला. बोर्नमथ येथे निधन. डरॅमला त्यांच्यानंतर त्यांचे केंब्रिजमधील सहकारी ब्रुक फॉस वेस्टकॉट बिशप झाले.