मांजराच्या अंगावरील तेल व ग्रीस काढणे

मांजराच्या केसांवर सांडलेले किंवा माखलेले तेल, ग्रीस, डिझेल, डांबर यांसारखे पदार्थ त्याच्या कातडीला, पोटाला व फुप्फुसांना अपाय होऊ न देता काढून टाकण्याची कृती. कोकण किनाऱ्यावर तिची गरज बऱ्याचदा पडते. हर्णै, मिरकरवाडा, मालवण, वेंगुर्ले येथे होड्या लागल्या की मासळीच्या वासाने मांजरे धक्क्यावर गोळा होतात, आणि तेथेच डिझेलची पिंपे, इंजिनाला लावायचे ग्रीस आणि ट्रॉलरच्या तळातून उपसलेले तेलकट पाणी असते.

या प्रकारात खरा धोका डागाचा नसून जिभेचा आहे. मांजराच्या जिभेवर मागे वळलेले बारीक काटे असतात. अंग चाटताना त्यांत अडकलेले सहसा थुंकता येत नाही, ते पोटातच जाते. डिझेल, पेट्रोल व रॉकेल ही पातळ तेले पोटापेक्षा श्वासनलिकेत अधिक घातक ठरतात, कारण चाटताना किंवा ओकताना त्यांचा थोडासा अंश फुप्फुसात उतरला तरी तेथे दाह होऊन न्यूमोनिया होतो. म्हणूनच मिठाचे पाणी पाजून मांजराला ओकवण्याचा घरगुती उपाय येथे कटाक्षाने टाळावा. पहिले काम धुण्याचे नाही, चाटणे थांबवण्याचे आहे : मांजराला जुन्या पंच्यात किंवा टॉवेलात मान तेवढी बाहेर ठेवून गुंडाळावे आणि तेवढ्या वेळात अंगावर नेमके काय सांडले आहे याचा शोध घ्यावा.

खोबरेल किंवा तळणीचे थंड झालेले तेल असेल तर घाई नाही. फार चाटल्यास उलट्या किंवा जुलाब होतात, विषबाधा होत नाही. तेल गरम असेल तर मात्र ती भाजण्याची जखम समजावी. घनदाट केस तेलाची उष्णता धरून ठेवतात, त्यामुळे आधी साधे गार पाणी काही मिनिटे ओतत राहावे. बर्फ लावू नये. काजूच्या टरफलाच्या तेलाची गोष्ट सर्वांत वेगळी आहे. रत्नागिरी व सिंधुदुर्गातील काजू कारखान्यांत काम करणाऱ्यांना त्याचा गुण चांगला ठाऊक असतो : त्यातील अॅनाकार्डिक आम्ल व कार्डोल यांमुळे हाताची कातडी सोलून निघते. असे तेल लागलेल्या मांजराला हातमोजे घालूनच धरावे, आणि ते धुऊन होताच पशुवैद्याकडे न्यावे.

धुण्यापूर्वी वरचे तेल कागदाने किंवा फडक्याने टिपून घेतात. ते चोळू नये, चोळल्याने तेल मुळाशी जाते. पाठीवर तांदळाचे पीठ किंवा कॉर्नफ्लॉवर भुरभुरले तर ते उरलेले तेल शोषते. मात्र ते तोंडापासून दूर ठेवावे आणि पाणी लावण्यापूर्वी कंगव्याने पूर्ण झाडून काढावे, नाहीतर त्याची खळ होऊन केसांचे गठ्ठे बनतात. मग घमेल्याच्या तळाशी पाय घसरू नयेत म्हणून फडके अंथरावे व कोमट पाणी घ्यावे. मांजराचे तापमान सुमारे ३८ ते ३९ अंश सेल्सिअस असते, तेव्हा मनगटाला जेमतेम ऊन लागेल इतके पाणी पुरते. एकाने धरावे व दुसऱ्याने भांडी घासायच्या सौम्य लिक्विडचे थोडे थेंब पाण्यात मिसळून केसांच्या दिशेने हळूहळू चोळावे. अशा लिक्विडच्या रेणूचे एक टोक तेलाला व दुसरे पाण्याला धरते, त्यामुळे तेलाचे सूक्ष्म थेंब सुटून पाण्याबरोबर वाहून जातात. किनाऱ्यालगतच्या विहिरींचे पाणी बऱ्याच ठिकाणी मचूळ असते. त्यात अंगाच्या साबणाला फेस येत नाही, उलट चिकट साका केसांवर बसतो. तांब्याने पाणी मानेखालीच ओतावे आणि तोंड ओल्या फडक्याने पुसावे. एका धुण्यात काम क्वचितच होते. ओघळणाऱ्या पाण्यावर तेलाचा तवंग दिसेनासा होईपर्यंत धुणे व खळबळणे पुन्हा करावे लागते, कारण लिक्विडही मागे राहिले तर मांजर तेच चाटणार.

ग्रीस व डांबर यांना पाणी दाद देत नाही. पावसाळ्यात समुद्र खवळला की किनाऱ्यावर डांबराचे गोळे येऊन पडतात, आणि वाळूत फिरणाऱ्या मांजराच्या पंजांच्या गादीत ते घट्ट चिकटतात. अशा वेळी तेल तेलानेच सुटते : खोबरेल हलके कोमट करून डागावर बोटाने मुरवावे, मऊ झालेले डांबर फडक्याने पुसावे आणि मग दोन्ही एकदम लिक्विडने धुवावे. न सुटणारा गठ्ठा कात्रीने कापायला जाऊ नये. मांजराची कातडी पातळ व सैल असते आणि ती केसांबरोबर पात्यात सहज सापडते. ते काम पशुवैद्याच्या मशीनचे.

घरात हाताशी असलेल्या बऱ्याच वस्तू येथे घातक आहेत. रॉकेल, थिनर व टर्पेंटाइन कातडी जाळतात. चुलीतली राख भांड्याचा ओशटपणा उत्तम काढते, पण ओली झाली की ती क्षारयुक्त होऊन अंगाची आग करते. फिनेल तर अजिबात नको, कारण फिनॉल वर्गातील पदार्थ निकामी करण्याची मांजराच्या यकृताची क्षमता फार कमी असते; लिंबूवर्गीय फळांच्या व टी ट्रीच्या सुगंधी तेलांचाही असाच त्रास होतो.

धुतल्यावर टॉवेलने टिपून मांजराला उबेत ठेवावे. पावसाळी दिवसांत ते चुलीजवळ नेऊन शेकण्याची सवय असते, पण पेट्रोल किंवा रॉकेल लागलेले मांजर पूर्ण धुऊन होईपर्यंत विस्तवाजवळ नेऊ नये. पुढील एकदोन दिवस लाळ गळणे, खोकला, धाप, उलट्या, डगमगत चालणे किंवा अन्नावरून तोंड फिरवणे यांपैकी काही दिसल्यास तालुक्याच्या गुरांच्या दवाखान्यात न्यावे, आणि सांडलेल्या पदार्थाचा डबा किंवा त्याचे लेबल सोबत घ्यावे. पिल्ले पाजणारी मांजरी असेल तर धुताना सुरुवात पोटाकडून करावी, आणि आचळ स्वच्छ होईपर्यंत पिल्ले बाजूला ठेवावीत.