दृढभूमी (योगसाधना)

ध्यानाचा अभ्यास मुरला, व्यत्ययांनी सहजी मोडेनासा झाला, की त्या अवस्थेला पातंजल योगसूत्रांत ‘दृढभूमी’ म्हणतात. समाधिपादातील (पहिल्या अध्यायातील) १४ व्या सूत्रात तिच्यासाठी तीन अटी आहेत: दीर्घ काळ, सातत्य आणि सत्कार, म्हणजे अभ्यासाविषयी मनापासून आदर. किती वर्षे, हे सूत्र सांगत नाही. तीन महिन्यांची फी भरून वर्गाला आलेल्या माणसाला हे ऐकणे जड जाते, पण उतावीळपणा इथेच सोडलेला बरा.

सुरुवातीचे दिवस शरीराचे असतात. गुडघे बोलू लागतात, पायांना मुंग्या येतात. मग मनाची पाळी. दादरच्या चाळीतली पहाट धरा. नळाला नुकते पाणी आलेले, बादली लावलेली, खिडकीत कबुतरांची फडफड. चादरीच्या घडीवर बसून साधक श्वास पाहतो आणि चौथ्या-पाचव्या श्वासाला मन मोरीत पोचते: बादली भरली असेल का? नवख्याला वाटते, ध्यानाने मन जास्तच चंचल झाले. ते आधीही तसेच होते, आता दिसू लागले इतकेच. पुष्कळ जण याच वळणावर सोडून देतात, हे फार वाईट. टिकून राहिलेल्याची बादली वर्षभरानेही तीच असते, विचारही तोच येतो. पण मन भटकल्याचे लवकर कळते आणि ते न चिडता परत येते. प्रगती मोजायचीच तर या परतण्यावरून मोजावी.

व्यासभाष्यात, म्हणजे योगसूत्रांवरील व्यासांच्या टीकेत, चित्ताच्या पाच भूमी (अवस्था) सांगितल्या आहेत: क्षिप्त, मूढ, विक्षिप्त, एकाग्र आणि निरुद्ध. इथे ‘विक्षिप्त’चा अर्थ तऱ्हेवाईक असा घेऊ नये. मधूनच स्थिरावणारे आणि पुन्हा उधळणारे चित्त ते विक्षिप्त. साधकाची बरीच वर्षे याच भूमीत जातात. सूत्रांतल्या नऊ अंतरायांच्या, म्हणजे साधनेतल्या अडथळ्यांच्या, यादीत शेवटचे दोन आहेत अलब्धभूमिकत्व, म्हणजे पुढची पायरी हाती न लागणे, आणि अनवस्थितत्व, म्हणजे हाती लागलेली निसटणे. अडकणे आणि घसरणे सूत्रकारांनी गृहीतच धरले आहे. साधकाने ते स्वतःचे अपयश समजू नये.

धारणा, ध्यान, समाधी हा क्रम विभूतिपादात, म्हणजे तिसऱ्या अध्यायात, येतो. धारणेत लक्ष थेंबाथेंबाने पडते, ध्यानात त्याची तेलासारखी अखंड धार लागते. खालची भूमी जिंकल्याशिवाय वरची साधत नाही, आणि पुढची कोणती हे ‘योग एव उपाध्यायः’, योगच शिकवतो, असे भाष्यकार म्हणतात. बंद डोळ्यांपुढे दिसणाऱ्या रंगांवरून किंवा ऐकू येणाऱ्या नादांवरून पायरी ठरवू नये. सिद्धींनाही सूत्रांनी समाधीतले अडथळेच म्हटले आहे.

हा अभ्यास संसारी माणसाला जमावा, या विचाराला मुंबईत जुना आधार आहे. योगशिक्षक योगेंद्र यांनी १९१८ मध्ये वर्सोव्याला योग संस्था सुरू केली. ती आज सांताक्रूझला आहे. त्यांचे गुरुबंधू स्वामी कुवलयानंद यांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम ही योगसंस्था स्थापली. दोघेही गुजरातेतील मालसरच्या माधवदासजींचे शिष्य.

दृढभूमी झालेला अभ्यास व्युत्थानाच्या, म्हणजे बहिर्मुख, संस्कारांनी ‘द्राक्’, लगेच, दबत नाही, असे भाष्य सांगते. ‘लगेच’ हा शब्द महत्त्वाचा, कारण खंड सगळ्यांनाच पडतो. गणपतीचे दहा दिवस घरात पाहुणे, खाली ढोल-ताशे, पहाटेची बैठक चुकतेच. अनंत चतुर्दशीनंतर नवखा पुन्हा मुंग्यांपासून सुरुवात करतो. जुन्या साधकाची घडी चार-दोन दिवसांत बसते.