सामायिक संगीतसंग्रह (घरगुती नेटवर्कवरील)

घरातल्या एका संगणकावर साठवलेली गाणी त्याच घरातल्या इतर संगणकांवर, फोनवर किंवा टीव्हीवर ऐकता यावीत यासाठी केलेली व्यवस्था. फाइली एकाच ठिकाणी राहतात. बाकीची यंत्रे त्यांची यादी मागवतात आणि हवे ते गाणे राउटरमार्फत घेऊन वाजवतात. गाणे घराबाहेर जातच नसल्यामुळे इंटरनेट बंद पडले तरी ऐकणे थांबत नाही. सीडी-कॅसेटींवरून उतरवलेला संग्रह किंवा रेडिओवरून ध्वनिमुद्रित केलेल्या मैफली ज्यांच्याकडे आहेत, त्यांच्या ती आजही कामाची आहे. सगळे स्ट्रीमिंग सेवांवरच ऐकणाऱ्यांनी या भानगडीत पडण्याचे कारण नाही.

सर्वांत सोपा मार्ग फोल्डर शेअर करण्याचा. विंडोजची शेअरिंगची भाषा बोलणारा, लिनक्स-युनिक्ससाठीचा सांबा हा प्रोग्राम अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला लिहिला आणि आजच्या घरगुती नॅस (नेटवर्कला जोडलेल्या साठवणीच्या) पेट्यांमध्येही बहुधा तोच असतो. पण फोल्डर म्हणजे लायब्ररी नव्हे. लायब्ररीत फाइलींखेरीज एक यादी असते: गाणे कोणाचे, कोणत्या अल्बममधले, किती वेळा ऐकले, कोणत्या प्लेलिस्टमध्ये आहे. फोल्डर शेअर केला तरी प्रत्येक संगणकावरचा प्लेअर आपली वेगळी यादी करतो, आणि दिवाणखान्यात बनवलेली प्लेलिस्ट आतल्या खोलीत दिसत नाही. प्लेलिस्टची फाइल उचलून नेली तरी भागत नाही, कारण तिच्यात बऱ्याचदा प्रत्येक गाण्याचा पूर्ण पत्ता असतो. एका संगणकावर जो डी ड्राइव्ह, तो दुसऱ्यावर झेड. बरे, यादीच शेअर केलेल्या फोल्डरमध्ये ठेवून दोन ठिकाणांहून उघडली, तर एक तर फाइल कुलूपबंद असल्याची तक्रार येते, नाही तर एकाने केलेले बदल दुसऱ्याच्या प्रतीखाली गाडले जातात. म्हणून यादीत लिहिणारा एकच असावा आणि इतरांनी त्याला विचारावे, या तत्त्वावर पुढच्या पद्धती उभ्या राहिल्या.

हे तत्त्व सामान्य घरांत पोचले ते ॲपलमुळे. एप्रिल २००३मध्ये आलेल्या आयट्यून्स ४ या गाणी वाजवण्याच्या प्रोग्राममध्ये डॅप (डिजिटल ऑडिओ ॲक्सेस प्रोटोकॉल) वापरून संग्रह शेअर करण्याची सोय होती आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात विंडोजसाठी आयट्यून्स आल्यावर मॅक आणि विंडोज एकमेकांची गाणी वाजवू लागले. आतली रचना अगदी साधी आहे. संग्रह असलेला संगणक बाँझूर (तेव्हाचे नाव राँदेव्हू) या यंत्रणेमार्फत २२४.०.०.२५१ या सामूहिक (जाळ्यातल्या सगळ्यांना एकदम ऐकू जाणाऱ्या) पत्त्यावर ‘माझ्याकडे गाणी आहेत’ अशी दवंडी पिटतो. ती ऐकणारा संगणक ३६८९ क्रमांकाच्या पोर्टवर (संगणकाच्या ठरलेल्या दारावर) येऊन यादी घेतो आणि मग एकेक गाणे त्याच्या क्रमांकाने मागतो, वेबपान मागावे तसेच. सुरुवातीला संग्रह इंटरनेटवरूनही उघडता येई. लोकांनी त्याचा नको तितका फायदा घेतला आणि महिन्याभरातच आलेल्या ४.०.१ आवृत्तीने ऐकणारे त्याच घरगुती जाळ्यापुरते मर्यादित केले. २००६च्या आयट्यून्स ७ने ओळख पटवण्याची रीत बदलून इतरांचे प्रोग्रामही बाहेर ठेवले. २००९च्या आयट्यून्स ९मधल्या होम शेअरिंगमध्ये एकाच ॲपल खात्याच्या पाच संगणकांना गाणी नुसती ऐकण्याचीच नव्हे, तर उतरवून घेण्याचीही मुभा मिळाली. मुक्त प्रोग्रामांच्या बाजूने डॅपची परंपरा ओनटोन हा सर्व्हर (संग्रह सांभाळून इतरांच्या मागण्या पुरवणारा प्रोग्राम) आजही चालवतो.

आवाज कुठून बाहेर पडतो, यावरून सर्व्हरांची दोन कुळे पाडता येतात. एमपीडी हा सर्व्हर गाणे स्वतःच वाजवतो. स्पीकर त्यालाच जोडलेले असतात आणि बाकीची यंत्रे रिमोटचे काम करतात. सबसॉनिक, नॅव्हिड्रोम, जेलीफिन यांत मात्र सर्व्हर फाइल पाठवतो आणि वाजवण्याचे काम मागणाऱ्याकडे असते. टीव्हीशी बोलणी करायची तर बहुधा डीएलएनए हे वेगवेगळ्या कंपन्यांच्या यंत्रांना एकमेकांशी बोलता यावे म्हणून ठरवलेले मानक लागते. ते सर्वत्र आढळते आणि शोध घेण्याच्या बाबतीत बरेचदा निराश करते. स्लिम डिव्हायसेस कंपनीचा सर्व्हर वेगवेगळ्या खोल्यांतले प्लेअर एका लयीत ठेवण्यात वाकबगार. लॉजिटेकने २००६मध्ये ती कंपनी विकत घेतली, २०१२मध्ये तिचे स्क्वीझबॉक्स प्लेअर बंद केले, तरी सर्व्हर वापरकर्त्यांनी जिवंत ठेवला. २०२४पासून तो लिरियन या नावाने ओळखला जातो.

नेटवर्कचा वेग ही अडचण फारशी कधीच नसते. सीडीवरचा ध्वनी सेकंदाला १,४११ किलोबिट, फ्लॅकमध्ये (ध्वनीत काही न गमावता लहान केलेल्या फाइलीत) साधारण त्याच्या निम्म्याच्या आसपास. जुने वायफायही एवढे सहज पेलते. अडते ते दवंडी ऐकू येण्यापाशी. भारतीय घरांत फायबर जोडणीबरोबर मिळालेला राउटर असतो आणि आतल्या खोलीत रेंज येत नाही म्हणून मागाहून दुसरा आणलेला असतो. दोघे आपापले जाळे पसरतात: एकाकडचे पत्ते १९२.१६८.१ने सुरू होतात, दुसऱ्याकडचे १९२.१६८.०ने. सामूहिक पत्त्यावरची दवंडी ही वेस ओलांडत नाही, त्यामुळे दोन्ही संगणकांवर इंटरनेट उत्तम चालत असूनही संग्रह दिसत नाही. दुसरा राउटर ॲक्सेस पॉइंट म्हणून (वेगळे जाळे न करता पहिल्याचेच वायफाय पुढे नेणारा) चालवला की प्रश्न मिटतो. पाहुण्यांसाठीच्या वायफायवरही असेच घडते, पण तिथे ते मुद्दाम केलेले असते.

खरे कष्ट टॅगचे, म्हणजे फाइलीतच लिहिलेल्या गाणे, गायक, अल्बम अशा नोंदींचे. सीडी उतरवताना नावे ज्या सामायिक माहितीकोशांतून येतात, ती ज्याला जशी सुचली तशी भरलेली असतात. त्यामुळे ‘भीमसेन जोशी’, ‘पं. भीमसेन जोशी’ आणि ‘पंडित भीमसेन जोशी’ असे तीन गायक यादीत शेजारी बसतात. नाट्यगीतांच्या संकलनात ‘अल्बम कलाकार’ हा रकाना रिकामा राहिला, तर एका सीडीचे गायकागणिक तुकडे होतात. हे रकानेच मुळी पाश्चात्त्य पॉप संगीताच्या मापाचे. रागासाठी जागा नाही, म्हणून कोणी तो शीर्षकात कोंबतो, कोणी ‘प्रकार’मध्ये. भावगीत कवीच्या नावाने शोधणाऱ्यांची पंचाईत निराळीच: एमपी३ फाइलींतल्या आयडी३ या पद्धतीच्या टॅगमध्ये गीतकाराचा रकाना आहे, पण पुष्कळ प्लेअर तो दाखवत नाहीत.

देवनागरीत नावे लिहिली तर आणखी एक पेच. आयडी३ची पहिली आवृत्ती शीर्षकाला ३० बाइट देते आणि यूटीएफ-८मध्ये (युनिकोड अक्षरे साठवण्याच्या प्रचलित पद्धतीत) एकेका देवनागरी चिन्हाला तीन लागतात. दुसऱ्या आवृत्तीने युनिकोडची सोय केली. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टांत टंकलेले टॅग मात्र अगम्य रोमन अक्षरे होऊन दिसतात. ‘वाऱ्यावर’मधला ऱ तर फारच खोडकर. तो एकच चिन्ह म्हणून साठवता येतो किंवा र आणि नुक्ता (अक्षराखालचा टिंब) अशा जोडीने. मॅकची जुनी एचएफएस प्लस फाइलपद्धत नावातला ऱ फोडून दोन चिन्हे करी. लिनक्स मात्र फाइलच्या नावातले बाइट जसेच्या तसे धरतो. त्यामुळे मॅकवरून लिनक्सच्या पेटीत संग्रहाची पुन्हा नक्कल केली की हुबेहूब एकाच नावाच्या दोन फाइली दिसतात आणि शोधात कधी एक सापडते, कधी दुसरी. अनुभवी मंडळी म्हणून फाइलींची नावे रोमन लिपीत ठेवतात, मराठी फक्त टॅगमध्ये लिहितात, टॅग एकाच संगणकावरून बदलतात आणि इतर सर्वांना संग्रहाच्या फोल्डरवर केवळ वाचनाची परवानगी देतात.