पार्श्वभूमी: बांगड्याचा भाव बदलला, मग भरतीची वेळ पुन्हा का मोजली जाते?

हर्णै किंवा मिरकरवाडा या मासळी बंदरांतल्या लिलावाचे भाव दाखवणाऱ्या ॲपचा एक स्क्रीन घ्या. वर भरती-ओहोटीच्या वेळा, मध्ये बंदराला लागलेल्या होड्या, खाली पापलेट, सुरमई, बांगड्याचे भाव. लिलाव रंगला की यादी अडखळू लागते. आयफोनवर याचे मूळ बऱ्याचदा २०१९च्या एका निर्णयात सापडते.

स्क्रीन कशी दिसावी ते सांगायचे, बदल फ्रेमवर्कने (ॲपला आधार देणाऱ्या तयार कोडने) करायचे, ही पद्धत वेबवर रिॲक्टने २०१३पासून रुळवली. आयफोनसाठी याच पद्धतीचे ॲपलचे फ्रेमवर्क, स्विफ्टयूआय, २०१९मध्ये आयओएस १३सोबत आले.

निर्णय असा होता: ऑब्झर्व्हेबल-ऑब्जेक्टमधली (स्क्रीन ज्यावर नजर ठेवते त्या माहितीच्या गठ्ठ्यातली) कुठलीही पब्लिश्ड प्रॉपर्टी (बदल कळवणारे मूल्य) बदलणार असली की अख्ख्या ऑब्जेक्टचा एकच इशारा जाणार. नेमके काय बदलणार, हे त्यात नसते. त्यामुळे त्या ऑब्जेक्टवर नजर ठेवणाऱ्या प्रत्येक व्ह्यूची (स्क्रीनच्या भागाची) बॉडी (तो कसा दिसावा ते सांगणारा कोड) पुन्हा चालते. बांगडा चढला की भरतीच्या चौकटीचीही. सुरुवातीच्या चाचणी आवृत्त्यांत इशारा बदल झाल्यावर जात असे, तो प्रकाशनापूर्वी बदलाच्या आधी आणला गेला. त्यामुळे एका फेरीतले बदल गोळा करून स्क्रीन एकदाच अद्ययावत करता येतो. पण इशाऱ्यावर सिंक (इशारा येताच चालणारा कोड) लावून तिथेच भाव वाचला तर जुना भाव हाती येतो. हा बग अजून भेटतो.

या निर्णयाच्या समर्थकांचे म्हणणे, बॉडी चालणे म्हणजे रेखाटणे नव्हे, ते स्वस्त असते. खरे आहे, बॉडीत यादीचे सॉर्टिंग किंवा डेट-फॉर्मॅटर (तारीख-वेळ मजकुरात मांडणारे साधन) तयार करणे नसेल तर. ६० हर्ट्झच्या पडद्यावर एका फ्रेमला जेमतेम १६.६७ मिलिसेकंद मिळतात. भाव, होड्या आणि भरती यांचे तीन वेगळे ऑब्जेक्ट करणे हा उपाय चालतो, पण फ्रेमवर्कचे काम ॲप लिहिणाऱ्याच्या गळ्यात पडले ते पडलेच.

२०२०मध्ये स्टेट-ऑब्जेक्ट आला, तो व्ह्यू पुन्हा मोजला तरी मॉडेल (स्क्रीनमागची माहिती सांभाळणारा ऑब्जेक्ट) टिकवतो. तोवर ऑब्झर्व्ड-ऑब्जेक्टमध्येच (ऑब्जेक्टवर नुसती नजर ठेवणाऱ्या खुणेतच) मॉडेल तयार केले, तर वरचा व्ह्यू पुन्हा मोजला जाताच नवे मॉडेल बने आणि निवडलेले बंदर, भरलेली बोली पुसली जाई.

मोठी दुरुस्ती २०२३ची, आयओएस १७मधली. ऑब्झर्व्हेबल मॅक्रोमुळे (आपोआप कोड भरणाऱ्या खुणेमुळे) बॉडीने जी प्रॉपर्टी वाचली, तिच्याच बदलावर ती चालते. तरी फसगत होतेच. भाव स्ट्रक्टच्या (साध्या मूल्यांच्या गटांच्या) ॲरेत, म्हणजे यादीत, असतील तर एक भाव बदलला तरी अख्खी ॲरे बदलली असे धरले जाते. प्रत्येक ओळीचा वेगळा ऑब्झर्व्हेबल ऑब्जेक्ट केला की तेवढीच ओळ हलते. शिवाय स्टेटमध्ये (व्ह्यूने जपलेल्या माहितीत) असे मॉडेल थेट बनवले तर व्ह्यू नव्याने तयार होताना दर वेळी त्याचा इनिट (तयार होतानाचा कोड) चालतो, जुने मॉडेल टिकले तरी. म्हणून इनिटमध्ये नेटवर्कची विनंती नको. आयफोन ८ आणि एक्सना आयओएस १७ मिळालेच नाही. ते फोन वापरणारे व्यापारी असतील तर जुनीच पद्धत सांभाळावी लागते.

यादीतल्या ओळींच्या ओळखीला मात्र या दुरुस्तीने हात लावलेला नाही. ओळीचा आयडी दर वेळी नवा यूयूआयडी (आपोआप बनणारा एकमेव क्रमांक) असेल तर प्रत्येक ओळ नवी ठरते आणि तिची स्टेट जाते. होडीचा नोंदणी क्रमांक आणि मासळीचे नाव मिळून आयडी करावा, आणि बॉडी कशामुळे चालली ते २०२१पासून मिळणाऱ्या प्रिंट-चेंजेसने तपासावे. प्रकाशित ॲपमध्ये ही तपासणीची कोड-ओळ ठेवू नये.